छातीवरची लाथ आणि बीपीचा पट्टा

मेहकरात बीपी मोजायला माणूस एकटा जात नाही. नवऱ्याची तपासणी असली की बायको शेजारच्या स्टुलावर बसते. डॉक्टर प्रश्न नवऱ्याला विचारतात आणि उत्तरं बायको देते.

"झोप लागते का?"

"कायची लागते! रातभर बातम्या पाह्यत बसतात."

"मीठ कमी केलं?"

"लोनचं नसलं तं घासच नाही उतरत यायच्या."

"राग वगैरे?"

इथे मात्र नवरा पहिल्यांदा तोंड उघडतो. "मले काहून राग येईन?" आणि हे तो अशा सुरात म्हणतो, की दंडावरच्या पट्ट्यात कंपाउंडरला वेगळी हवा भरायची गरज पडू नये. आकडा येतो १६०/१००. नवरा डॉक्टरांकडे न पाहता बायकोकडे पाहतो. "पाह्यलं? ही जवळ बसली का वाढते!" कंपाउंडर हसतो, रांगेतले पुरुष हसतात. बायकाही हसतात, हा विनोद त्यांनी माहेरी वडिलांच्या तोंडून ऐकलेला असतो आणि तेव्हापासून त्यावर हसायची सवय लागलेली असते.

बायकोमुळे नवऱ्याचं हृदय खचतं, हा आपल्याकडचा सर्वमान्य वैद्यकीय सिद्धांत आहे. त्यावर पानटपऱ्या चालतात, हास्यसंमेलनं चालतात आणि व्हॉट्सअॅपचं तर निम्मं पोट भरतं. सिद्धांत मांडणाऱ्याच्या गालात बहुधा तंबाखूचा खर्रा असतो. "भाऊ, मानूस टेन्शननं जाते, खर्र्यानं नाही," असं तो खर्रा न सांडता सांगू शकतो. हसण्यावारी नेऊ नका. हेच म्हणणं अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी भरपूर पैसा ओतून जगाच्या गळी उतरवायचा प्रयत्न केला होता. त्याकडे येतोच.

आधी एक स्थानिक निरीक्षण. मेहकरच्या पुरुषाला अटॅक येत नाही, गॅस होतो. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याबरोबर चौथी जिलबी संपवून माणूस घरी येतो, छातीत दाटतं, डावा हात जड होतो, घाम फुटतो, आणि तो शांतपणे जाहीर करतो की गॅस आहे. मग ओवा, मग सोडा, मग इनो, मग अंगणात येरझाऱ्या. त्याच्या भावाचंही मत गॅसचंच पडतं. शेजारी येतात, तेही गॅसच्या बाजूने. अख्ख्या गल्लीत एकटी बायको विरोधी पक्षात असते. "मी म्हंते गाडी काढा. अकोल्याले चाला." तिचं ऐकलं गेलं तर माणूस वाचतो, आणि परत आल्यावर ज्याला-त्याला सांगतो, "स्प्रिंग टाकली. हिनं लय टेन्शन देल्लं ना."

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात अटॅक आलेल्या हजारो रुग्णांचा हिशेब २०११ मध्ये छापून आला. छातीत दुखायला लागल्यावर लग्न झालेले पुरुष दवाखान्यात सड्याफटिंग पुरुषांपेक्षा लवकर पोचत होते. म्हणजे तिथेही गाडी काढायला लावणारी कुणीतरी होती. बायकांच्या बाबतीत मात्र लग्न झालेली आणि न झालेली यांत असा फरक दिसला नाही. का दिसला नसावा, हे समजायला कॅनडात जायला नको. तिच्या छातीत दुखलं तर नवरा म्हणतो, "गॅस असन. चहा टाक, बरं वाटंन."

आता स्वभाव. हृदयाचा आणि स्वभावाचा संबंध शास्त्राच्या दारात कसा आला, ती गोष्ट मला फार आवडते, कारण तिचा नायक डॉक्टर नाही, खुर्च्यांच्या गाद्या शिवणारा कारागीर आहे. १९५० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतल्या मेयर फ्रिडमन आणि रे रोझेनमन या दोन हृदयतज्ज्ञांच्या दवाखान्यात तो खुर्च्यांची खोळ बदलायला आला. बघतो तर खुर्च्यांची पाठ कोरी करकरीत, आणि पुढची कड तेवढी झिजलेली. हृदयाचे पेशंट टेकून बसतच नव्हते; नंबर कधी लागतो म्हणून कडेवर टेकून उठायच्या तयारीत. दोघा डॉक्टरांनी त्याच्याकडे तेव्हा लक्ष दिलं नाही म्हणतात. पण १९५९ मध्ये त्यांनी अशा माणसांना 'टाइप ए' नाव दिलं: घाईचे, चढाओढीचे, लवकर भडकणारे. मग कॅलिफोर्नियातल्या तीन हजारांहून अधिक पुरुषांवर साडेआठ वर्षं लक्ष ठेवलं आणि या टाइप एंना हृदयविकार दुपटीने होतो असं दाखवलं.

आपल्याकडे टाइप ए ओळखायला खुर्ची उलटून पाहावी लागत नाही. एसटी फलाटाला लागायच्या आत जो खिडकीतून रुमाल टाकतो, तो. पंगतीत तुमचा वरणभात चालू असताना जो तुमच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहतो आणि तुमच्या घासांकडे पाहतो, तो. समृद्धी महामार्गावर मेहकरला चढून छत्रपती संभाजीनगरला किती मिनिटांत पोचलो, हे जो न विचारता सांगतो, तो तर नक्कीच.

पण गंमत पुढेच आहे. टाइप ए सिद्धांत तंबाखूवाल्यांना इतका आवडला की फिलिप मॉरिससारख्या कंपनीने त्या संशोधनाला पैसे पुरवले. माणूस स्वभावाने मरतो म्हटलं की सिगारेट सुटली. पुढे कोर्टकचेऱ्यांत कंपन्यांचे कागद बाहेर आले तेव्हा हे उघड झालं. दरम्यान सिद्धांतही डळमळला. १९८८ मध्ये त्याच कॅलिफोर्नियाच्या पुरुषांचा पुढचा हिशेब लागला, तर अटॅकमधून वाचलेले टाइप ए हे शांत मंडळींपेक्षा जास्त टिकले होते. घाईने कुणी मरत नव्हतं. नुकसान करत होती ती खुन्नस: आत धुमसणारा वैरभाव, समोरचा आपल्याला फसवायलाच बसलाय अशी खात्री. बेल्जियमच्या योहान डेनोलेटने १९९० च्या दशकात आणखी एक 'टाइप डी' काढला: सदा खिन्न, आणि मनातलं ओठांवर न येऊ देणारा. आपल्याकडे अशा माणसाला गरीब स्वभावाचा म्हणतात आणि त्याला स्थळं पटापट येतात.

खुन्नस बाहेर कमवायची आणि घरी खर्चायची, ही पुरुषांची जुनी रीत. लंडनचा जॉन हंटर हा अठराव्या शतकातला नामवंत सर्जन. त्याला हृदयाचं दुखणं होतं, आणि तो म्हणे, माझा जीव मला चिडवायला निघालेल्या कुणाही बदमाशाच्या हातात आहे. १७९३ मध्ये त्याच्याच इस्पितळाच्या बैठकीत वादावादी झाली आणि तो तिथेच गेला. आमच्याकडची माणसं बैठकीत जात नाहीत. सोयाबीनला ओलावा जास्त म्हणून भाव पाडला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये अपमान झाला, साहेबाने सगळ्यांसमोर झापलं, तरी तिथे "हाव साहेब" म्हणून माणूस घरी येतो आणि भाजीत मीठ जास्त झाल्याचा शोध लावतो. रागाचा भडका उडाल्यावर पुढचे दोन तास अटॅकचा धोका दुपटीहून जास्त असतो, असं अमेरिकेत १९९५ मध्ये दाखवलं गेलं. ते दोन तास मेहकरात साधारण संध्याकाळी सात ते नऊ असतात.

हे सगळं मी अमेरिकेतून आणतोय खरं, पण हृदय, स्वभाव आणि संसार यांचा सगळ्यात जुना केसपेपर आमच्या गावात उभा आहे. मेहकरचा शारंगधर बालाजी! १८८८ साली खोदकामात ती काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती सापडली आणि तेव्हापासून गावाचे सगळे नवस, सगळी भांडणं आणि सगळ्या तडजोडी त्याच्या साक्षीने होतात. या देवाच्या छातीची कथा सगळ्यांना माहीत आहे. फक्त ती दवाखान्याच्या अंगाने कुणी वाचत नाही.

तिन्ही देवांत श्रेष्ठ कोण, हे पाहायला भृगू ऋषी निघाले. शीघ्रकोपी, कडेवर बसणारे. वैकुंठात विष्णू झोपलेले, उठून स्वागत केलं नाही, म्हणून भृगूंनी थेट छातीवर लाथ मारली. विष्णूंनी काय करावं? पाय चेपले. "माझी छाती कठीण, आपल्या पायाला लागलं तर नाही ना?" भृगू गहिवरले, परीक्षा संपली, पहिला नंबर विष्णूंचा. कीर्तनात इथे टाळ्या पडतात.

पण त्या छातीवर राहत कोण होतं? लक्ष्मी. लाथ बसली ती तिच्या घराला. आणि नवरा लाथ मारणाऱ्याचे पाय दाबतोय, घरात राहणारीला लागलं का हे विचारायचं नावच नाही! पाहुण्यांसमोर नवरा अतिशय गोड वागतो आणि त्या गोडपणाची किंमत बायको भरते, हे दृश्य वैकुंठाबाहेरही पाहायला मिळतं. लक्ष्मी गप्प बसली नाही. बोलली, आणि उठून चालती झाली. लोककथा तिला कोल्हापूरला आणते. विष्णू तिच्या मागे भूलोकी आले ते तिरुपतीला थांबले, तिथे पद्मावतीशी लग्न केलं, त्यासाठी कुबेराकडून कर्ज काढलं, ते म्हणे अजून फिटतंय. हुंडीत पडणारा पैसा त्याच हप्त्यांचा. आणि दर नवरात्रात तिरुपतीहून कोल्हापूरला शालू येतो. कोल्हापूरची देवी ती हीच लक्ष्मी का, यावर जाणकारांचे वाद आहेत. पण शालू येतो आणि ज्या नवऱ्याने कधी रागावलेल्या बायकोला साडी नेऊन दिलीय त्याला पुरावा लागत नाही. ज्याने लाथ गिळली त्याच्या छातीवर श्रीवत्साची खूण राहिली, असं सांगतात. जिने बोलून दाखवलं तिच्या छातीविषयी कुठल्याच पुराणात तक्रार नाही.

म्हणून अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमचा निष्कर्ष वाचला तेव्हा मला तो ओळखीचा वाटला. मॅसॅच्युसेट्समधलं हे छोटं गाव. तिथल्या लोकांच्या हृदयाची नोंद १९४८ पासून पिढ्यान्पिढ्या ठेवली जाते. पुढच्या पिढीतल्या साडेतीन हजारांवर स्त्री-पुरुषांचा दहा वर्षांचा अभ्यास २००७ मध्ये आला. त्यातल्या लग्न झालेल्यांना विचारलं होतं: जोडीदाराशी खटका उडाला की बोलता, की मनात ठेवता? मनात ठेवणाऱ्या बायकांची त्या दहा वर्षांत दगावण्याची शक्यता बोलणाऱ्या बायकांच्या चौपट निघाली. मनात ठेवणारे पुरुष खरं तर संख्येने जास्त होते, पण त्यांना काही फरक पडला नाही. मला याचं नवल वाटलं नाही. पुरुष गप्प बसतो तेव्हा तो बहुधा क्रिकेट पाहत असतो. बाई गप्प बसते तेव्हा तिचं काम चालू असतं: काय बोलायचं होतं, कधी बोलायचं होतं, सासूबाई असताना बोलता आलं नाही, दिवाळीत बोलू, मुलीच्या लग्नानंतर बोलू. हा हिशेब ती पोळ्या लाटता लाटता ठेवते आणि तुम्ही "काय झालं?" विचारलं की म्हणते, "काही नाही."

मी हा निष्कर्ष मोठ्या उत्साहाने घरात वाचून दाखवला. ही मेथी निवडत होती. म्हणाली, "हे समजाले त्यायले दहा वर्षं लागले?"

स्टॉकहोमच्या बायकांचंही ऐका. हृदयाचं दुखणं होऊन दवाखान्यात राहून आलेल्या २९२ बायकांवर तिथल्या डॉक्टरांनी काही वर्षं नजर ठेवली. अभ्यास २००० मध्ये छापून आला. नवऱ्याशी फार ताण असलेल्यांना दुखणं पुन्हा उलटण्याचा धोका जवळजवळ तिप्पट होता. नोकरीतल्या ताणाचा तसा काही संबंध दिसला नाही. म्हणजे साहेब कितीही खडूस असला तरी तो संध्याकाळी आपल्या घरी जातो, हा त्याचा मोठा गुण.

अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात तर संशोधकांनी साठीच्या आसपासची दीडशे जोडपी बोलावली, भांडायला विषय दिले, काही मिनिटं भांडण टिपून घेतलं आणि नंतर हृदयाच्या रक्तवाहिन्यांत किती कॅल्शियम साचलंय ते स्कॅन करून पाहिलं. विषय होते पैसा, सासर-माहेर, मुलं, सुट्टी, घरकाम. आमच्याकडे एवढ्याला विषय देणं म्हणत नाहीत, दिनक्रम म्हणतात. त्यांत कुणाच्या लग्नात कुणी काय आहेर केला, हा एक विषय घातला असता तर स्कॅनचं मशीन कमी पडलं असतं. निघालं ते असं: बायकांना बोलण्यातला विखार बाधत होता, आणि नवराही तसाच बोलत असला तर आणखी. पुरुषांना विखाराचं एवढं काही नव्हतं. त्यांना बाधत होतं घरात चालतं कुणाचं याचं भांडण. आणि ते जिंकलं तरी बाधत होतं. बायकोने हुकूम सोडला तरी यांच्या धमन्यांत कॅल्शियम, यांनी सोडला तरी यांच्याच. टीव्हीचा रिमोट उशाखाली घेऊन झोपणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

इथे कुणीतरी तुकोबांचं नाव काढणार, हे मला माहीत आहे. मास्तर लोकांना तर मोह आवरतच नाही. उसाची मोळी मिळाली, वाटेत पोरांना वाटून टाकली, एक ऊस उरला. बायकोने, आवलीने, तो हिसकून पाठीत घातला, त्याचे दोन तुकडे झाले. तुकोबा म्हणाले, बरं झालं, एक तुला एक मला. यावर आपण पिढ्यान्पिढ्या हसतोय, आणि तुकोबांचा रक्तदाब १२०/८० असणार याविषयी आपल्या मनात शंका नाही. पण आवलीचा किती असेल? दुष्काळाने घर बसलेलं, थोरली सवत आणि तिचं मूल त्यात गेलेलं, पोरं खायला मागताहेत आणि नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर. त्या डोंगरावर रोज भाकरी घेऊन चढत कोण होतं? तीच. चढताना विठ्ठलाला शिव्याही देत होती म्हणतात. माझ्या मते तिला जगवलं ते त्या शिव्यांनी. १६५० मध्ये तुकोबा गेले तेव्हा ती गरोदर होती. तिने जन्म दिलेल्या नारायण महाराजांनी पुढे पालखीचा सोहळा सुरू केला. त्या माउलीला कजाग म्हणून मोकळे होणाऱ्यांनी एकदा दुपारच्या उन्हात भाकरी घेऊन भंडारा डोंगर चढून बघावा, जमल्यास बीपी मोजून.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी एकदा सहज म्हणून एका स्टुलावरच्या काकूंच्या दंडाला पट्टा बांधला. काकांची तपासणी होती, काका १४० वर होते. काकू १८० वर निघाल्या. डॉक्टरांनी काकांना विचारलं, "यांना झोप लागते का?" काकांनी काकूंकडे पाहिलं. "डोकं दुखतं का यांचं?" काकांनी पुन्हा काकूंकडे पाहिलं. लग्न १९८४ चं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, मीठ कमी सांगितलं आणि म्हणाले, "काकू, मनात ठेवत जाऊ नका. बोलत जा."

डॉक्टर हे दर पेशंटला म्हणतात. पण त्या संध्याकाळी मी काकूंना फ्रॅमिंगहॅमचा आकडा सांगितला, तोही जरा मोठ्या आवाजात. तेव्हापासून काकू औषध म्हणून बोलतात. सकाळी चहा झाला, गोळी घेतली की सुरू. आरडाओरडा नाही, सुरात, तपशिलासह: कोणत्या साली, कोणासमोर, आणि तेव्हा काका काय म्हणाले होते. पुढच्या तपासणीला काकूंचा आकडा उतरला. गोळीने की बोलण्याने, हे डॉक्टर सांगत नाहीत. काकूंना त्याबद्दल शंका नाही.

काकांना डॉक्टर कित्येक वर्षं पहाटे चालायला सांगत होते. कधी गुडघा, कधी थंडी, कधी कुत्री. आता चहाचा कप खाली ठेवला की काका निघतात, पैनगंगेच्या पुलापर्यंत जातात, येताना बालाजीच्या देवळात टेकतात. पोट उतरलं, शुगर जागेवर आली. परवा पायऱ्यांवर भेटले.

"आज काय निघालं?" मी विचारलं.

"दोन हजार नऊ. साळ्याच्या पोराच्या मुंजीतला आहेर."

"म्हंजे बरंच उरकलं की."

"कायचं उरकलं?" काका चपला चढवत म्हणाले. "ती उलटी येऊन राह्यली. चौऱ्याऐंशी अजून बाकीच आहे. डाक्टर म्हंते, चालनं बंद करू नका."